पाकिटावरच्या ‘डीबी’मागचा माणूस

इअरप्लगचं कुठलंही पाकीट हातात घ्या. त्यावर एक आकडा ठळक छापलेला असतो, २०, २५ किंवा ३३, आणि त्यापुढे ‘डीबी’. इंग्रजीत हे लिहिताना डी लहान लिपीत आणि बी मोठ्या लिपीत लिहितात, कारण तो बी एका माणसाच्या आडनावाचा आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. शाळेत आपण ज्याला ‘टेलिफोनचा शोध कोणी लावला’ या एका मार्काच्या उत्तरात उरकला, तोच.

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी झाली की झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन सुरू होतो. रात्री दहाच्या आसपास पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. ऑर्गनवाले, तबल्यावाले, ऑक्टोपॅडवाले रात्रभर स्पीकरच्या शेजारी बसलेले असतात. यातल्या ओळखीच्या लोकांकडून मला एकच प्रश्न येतो: कानात घालायला कुठलं घेऊ, ३३ वालं चांगलं ना? पेटी दुरुस्त करणारेही हेच विचारतात. नेटवर या विषयावर जे सापडतं ते बहुतेक पियानो ट्यूनरसाठी लिहिलेलं असतं. पण पियानोवाला काय आणि पेटीवाला काय, दोघांचं पोट कानावर, आणि दोघांनाही आवाज कमी हवा पण सूर जसाच्या तसा हवा.

उत्तर द्यायचं तर आधी डीबी म्हणजे काय ते सांगावं लागतं, आणि ते सांगताना बेलचं आयुष्य मध्ये येतंच. मला हा माणूस टेलिफोनपेक्षा जास्त कानाचा वाटतो.

३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात त्याचा जन्म झाला. आजोबा उच्चारशास्त्र शिकवायचे, वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल तेच शिकवायचे. वडिलांनी ‘व्हिजिबल स्पीच’ नावाची एक लिपी तयार केली होती. तिच्यात प्रत्येक अक्षर म्हणजे तो आवाज काढताना ओठ, जीभ आणि घसा कुठे असतात त्याचं चित्र. जन्मापासून ज्याला ऐकू येत नाही त्याला बोलायला शिकवण्यासाठी ही लिपी उपयोगी पडेल, अशी कल्पना होती.

पण घरातलं खरं प्रकरण आईचं होतं. एलायझा बेल चित्रं काढायची, उत्तम पियानो वाजवायची आणि तिचं ऐकणं हळूहळू जात होतं. बाकीचे लोक तिच्याशी कर्णनळीतून मोठ्याने बोलायचे. अॅलेकने वेगळी पद्धत काढली. तो तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, खालच्या आवाजात बोलायचा, आणि ते तिला कळायचं. घरातलं बोलणं तो बोटांच्या खुणांनी तिला अक्षर-अक्षर सांगायचाही. पियानोची गोडी त्याला तिच्यामुळेच लागली. नुसतं ऐकून तो वाजवायला शिकला आणि पुढे रीतसर शिकवणीही झाली. पियानोशी बसता बसता त्याला आणखी एक गोष्ट सापडली. पेडल दाबून पियानोच्या तोंडाशी एखादा सूर गायला की त्याच सुराची तार आपोआप गुणगुणते. तंबोरा जुळवणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. पण या मुलाच्या डोक्यात ते घट्ट बसलं.

बाराव्या वर्षी त्याने मित्राच्या घरच्या पीठगिरणीसाठी गव्हाचं टरफल काढायचं एक ब्रशवालं यंत्र बनवलं. (आमच्याकडे गावोगावी राइस मिल असल्यामुळे मला हा बेल सगळ्यात जवळचा.) नंतर भावासोबत त्याने बोलणारं मुंडकं बनवलं. त्यात घसा होता, जीभ होती, ओठ होते आणि हवा द्यायला भाता होता. भाता दाबून ओठ हलवले की ते लहान मुलासारखं आईला हाक मारायचं.

विशीच्या आत त्याने ट्यूनिंग फोर्क घेऊन स्वरांचे प्रयोग सुरू केले. तोंडाची पोकळी बदलली की कुठला सूर घुमतो ते तो मोजत होता. हे काम त्याने लंडनच्या अलेक्झांडर एलिस यांना दाखवलं. एलिस म्हणाले, हे तर जर्मनीत हेल्महोल्ट्झने आधीच केलंय. हे एलिस पेटी-पियानो जुळवणाऱ्यांच्या रोजच्या वापरातले आहेत, फक्त नाव माहीत नसतं. फोनवरच्या ट्यूनर अॅपमध्ये सूर किती चढा-उतरा आहे ते ‘सेंट’मध्ये दिसतं. सप्तकाचे १२०० सेंट, लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंट, हे एकक एलिस यांचं. म्हणजे सूर मोजायचं एकक ज्यांच्याकडून आलं ते आणि आवाज मोजायच्या एककाला ज्याचं नाव मिळालं तो, हे दोघे समोरासमोर बसले होते. दोन्ही एककांचा हिशोबही एकाच जातीचा आहे. दोन्हीत वजाबाकी नसते, पट असतात. त्याकडे पुढे येतो.

बेलला जर्मन धड येत नव्हतं. हेल्महोल्ट्झचं पुस्तक चाळताना त्याची समजूत झाली की या माणसाने स्वर तारेतून पाठवलेत. तसं काही नव्हतं. हेल्महोल्ट्झने विजेच्या मदतीने ट्यूनिंग फोर्क वाजते ठेवले होते, एवढंच. पण बेलच्या मनाने घेतलं की स्वर जातात तर व्यंजनंही जातील, आणि मग बोलणंही जाईल.

मग घरावर संकट आलं. १८६७ मध्ये धाकटा भाऊ क्षयाने गेला, १८७० मध्ये थोरलाही त्याच रोगाने गेला. उरलेल्या मुलाला वाचवायचं म्हणून आईवडील सगळं आवरून कॅनडात, ब्रँटफर्डला आले. तिथून १८७१ मध्ये बेल बोस्टनला कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायला गेला. दिवसा शिकवणं आणि रात्री तारा-चुंबकं, असा क्रम सुरू झाला. दोन विद्यार्थ्यांनी त्याचं नशीब ठरवलं. एक होता छोटा जॉर्ज सँडर्स, आणि दुसरी मेबल हबर्ड, जिचं ऐकणं पाच वर्षांची असताना तापात गेलं होतं. या दोघांच्या वडिलांनी त्याच्या प्रयोगांना पैसा दिला. मेबलशी पुढे त्याचं लग्न झालं.

पैसा देणाऱ्यांना टेलिफोन नको होता. त्यांना हवी होती एकाच तारेतून एकाच वेळी अनेक तारसंदेश पाठवायची युक्ती. बेलची कल्पना साधी होती. वेगवेगळ्या सुरांना लावलेल्या पोलादी रीड घ्यायच्या. एका टोकाला जी रीड थरथरेल, त्याच सुराची रीड दुसऱ्या टोकाला प्रतिसाद देईल आणि बाकीच्या गप्प बसतील. लहानपणचा तो गुणगुणणारा पियानोच हा, फक्त मध्ये तार आली.

१८७४ मध्ये बोस्टनचे कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांच्याकडून त्याने मृत माणसाचा खराखुरा कान मिळवला. पडद्याला जोडलेल्या हाडांना एक बारीक गवताची काडी चिकटवली आणि टोकाशी काजळी धरलेली काच ठेवली. कानात बोललं की पडदा हलायचा, काडी हलायची आणि काजळीवर आवाजाची नागमोडी रेघ उमटायची. बेलला नवल वाटलं ते पडद्याचं. इतका पातळ पापुद्रा, आणि त्याच्या मानाने जड हाडं हलवतो. मग थोडा मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही? टेलिफोनचा विचार इथून आकाराला आला.

आणि मग २ जून १८७५. मला या दिवसाबद्दल पेटीवाल्यांना सांगायला फार आवडतं. पेटीत कचरा गेला की रीडची जीभ अडकते आणि सूर बसतो. कारागीर काय करतो? नखाने टिचकी मारून ती मोकळी करतो. बोस्टनच्या त्या माळ्यावर बेलचा मदतनीस थॉमस वॉटसन नेमकं हेच करत होता. एक रीड अडकली, त्याने ती बोटाने छेडली. दुसऱ्या खोलीत बेल रीड कानाला लावून बसला होता. त्याला नुसती टिकटिक नाही, त्या रीडचा पूर्ण आवाज, त्याच्या सगळ्या रंगासकट ऐकू आला. स्क्रू जास्त आवळला गेल्यामुळे प्रवाह तुटत नव्हता. तो चालू-बंद होण्याऐवजी लाटेसारखा कमी-जास्त होत होता. बोलणं न्यायला असाच प्रवाह लागतो.

पुढचं सगळ्यांना थोडंफार माहीत असतं. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी पेटंटचा अर्ज गेला. त्याच दिवशी एलिशा ग्रे यांचीही नोंद त्याच कार्यालयात पोचली, आणि त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. ७ मार्चला पेटंट मिळालं आणि १० मार्चला तारेतून पहिलं कळण्यासारखं वाक्य गेलं. बेलने वॉटसनला खोलीत बोलावलं आणि वॉटसन आला. ११ जुलै १८७७ रोजी लग्न झालं तेव्हा बेलने स्वतःसाठी दहा शेअर ठेवले आणि बाकीचे सगळे मेबलच्या नावावर केले. जगातल्या पहिल्या टेलिफोन कंपनीचे हे शेअर अशा बाईच्या हातात होते जिला टेलिफोनवर काहीच ऐकू येणार नव्हतं.

टेलिफोननंतर बेल थांबला नाही. १८८० मध्ये त्याने प्रकाशाच्या झोतावरून आवाज पाठवला, म्हणजे आजच्या फायबरचा पूर्वज. पण आपल्या विषयाला धरून महत्त्वाचं आहे ते १८७९ चं ऑडिओमीटर. टेलिफोनमधला आवाज हळूहळू कमी करत न्यायचा आणि कुठे ऐकू येणं थांबतं ते मोजायचं. त्याने शाळेतली मुलं तपासली तेव्हा काही मुलांना कमी ऐकू येतं आणि हे कुणाच्या लक्षातच आलेलं नाही, असं निघालं. ती मुलं आतापर्यंत मठ्ठ किंवा दुर्लक्ष करणारी ठरत असणार. कान किती गेलाय हे अंदाजाने सांगायचं नाही, मोजायचं, ही सवय इथून लागत गेली.

बेलची दुसरी बाजू गाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. कर्णबधिरांनी खुणांची भाषा सोडून ओठ वाचावेत आणि तोंडाने बोलावं, असा त्याचा आग्रह होता. १८८३ मध्ये त्याने कर्णबधिरांनी आपसांत लग्नं केली तर माणसांची एक बहिरी जात तयार होईल, अशी भीती मांडणारा निबंध वाचला. १९२१ च्या सुप्रजननशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा तो मानद अध्यक्षही होता. ज्याची आई आणि बायको दोघींना ऐकू येत नव्हतं, जो स्वतः बोटांनी बोलायचा, त्याने हे करावं. कर्णबधिर समाजात त्याच्याबद्दलचा राग आजही आहे, आणि मला तो रास्त वाटतो. हेलन केलरच्या वडिलांना योग्य शाळेचा रस्ता त्यानेच दाखवला, हेही तितकंच खरं.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडात बॅडेकजवळच्या त्याच्या घरी मधुमेहाच्या आजाराने तो गेला. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले गेले.

डेसिबल त्याने पाहिलाच नाही. तारेतून जाताना आवाज किती कमी होतो हे टेलिफोनचे इंजिनिअर तोवर ‘एक मैल केबल’ अशा मापाने सांगायचे, म्हणजे एक मैल ठराविक केबलमध्ये जितका घटतो तितका. १९२० च्या दशकात त्यांनी त्याजागी गणिती एकक आणलं आणि त्याला बेलचं नाव दिलं. ‘बेल’चा दहावा भाग म्हणजे डेसिबल. इथेच पटांचा हिशोब येतो. १० डीबी वाढले की आवाजाची ऊर्जा दहा पट, २० वाढले की शंभर पट. ३ डीबी वाढले की जवळपास दुप्पट. कानालाही बेरीज कळत नाही, पटच कळतात, म्हणून हे माप त्याला शोभतं.

आता हे रंगमंचावर आणू. अमेरिकेच्या निऑश या संस्थेची शिफारस अशी: ८५ डीबीच्या आवाजात दिवसाला जास्तीत जास्त आठ तास. पुढे दर ३ डीबीला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. समजा ऑर्गनवाल्याच्या कानाशी ९४ पडतोय आणि नाटक सात तासांचं आहे. मग रात्री अकरालाच त्याचा त्या दिवसाचा कोटा संपला. फोनवरचं साउंड मीटर अॅप तंतोतंत नसतं, पण ८० आणि ९५ मधला फरक सांगायला पुरतं. (नुसती पेटी एवढी मोठी वाजत नाही. तिला जुळवणाऱ्याला धोका आहे तो संध्याकाळी साथीला बसल्यावर. पियानो ट्यूनरचं तसं नाही. तार स्थिर बसावी म्हणून त्याला पट्टी जोरात ठोकावी लागते, तीही सव्वादोनशेच्या आसपास तारांसाठी, रोज.)

मग ३३ वालं फोमचं का नको? एक तर तो आकडा प्रयोगशाळेतला आहे. घाईत अर्धवट कोंबलेला प्लग त्याच्या निम्माही आवाज अडवत नाही. आणि व्यवस्थित घातला तर फोम वरचे सूर खालच्यांपेक्षा जास्त गिळतो. वादकाला सगळं पांघरुणातून आल्यासारखं लागतं. जुळवणाऱ्याची तर फजितीच. दोन रीड जवळजवळ एका सुरात आल्या की जी वांव-वांव थरथर येते, ज्याला बीट्स म्हणतात, ती मोजत तो कानस चालवतो. वरच्या स्वरांशांतली थरथर सगळ्यात नाजूक, आणि फोम नेमकी तीच खातो. वैतागून माणूस प्लग काढतो. इथे पटांचा हिशोब अंगाशी येतो. ३० डीबीचा प्लग अर्धा वेळ काढून ठेवला तर अर्धी ऊर्जा उघड्या कानात गेलीच, म्हणजे एकूण संरक्षण उरलं फक्त ३ डीबी. १५ डीबीचा पण रात्रभर कानात राहणारा प्लग त्यापेक्षा कितीतरी बरा. ९४ मधून १५ गेले की ७९, आणि मग सात तास बसायला हरकत नाही.

असे सपाट, म्हणजे सगळे सूर सारखेच कमी करणारे प्लग १९८८ च्या सुमारास अमेरिकेत एटिमोटिक रिसर्च या कंपनीच्या मीड किलियन यांनी एल्मर कार्लसन यांच्या रचनेवरून आणले. युक्ती बघा. उघड्या कानाची नळी २७०० हर्ट्झच्या आसपास नैसर्गिकरीत्या घुमते आणि तिथले सूर वाढवून देते. प्लग घातला की हे घुमणं मरतं, म्हणून सगळं मंद लागतं. यांनी प्लगमध्येच एक बारीक पडदा आणि छोटी पोकळी ठेवली, जी त्याच जागी घुमते आणि गेलेलं परत देते. बेलने मेलेल्या माणसाच्या कानातल्या पडद्याकडून जे शिकून घेतलं, त्याच घराण्यातली ही गोष्ट.

तेव्हा घेताना आकडा मोठा आहे का हे बघू नका. वेगवेगळ्या सुरांना किती अडवतो त्याचा तक्ता पाकिटावर किंवा कंपनीच्या साइटवर असतो. १२५ पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे आकडे जवळपास सारखे असतील तर तो प्लग वादकाच्या कामाचा. अशा प्लगवर ठळक छापलेला आकडा बारा-पंधराच्या आसपासच असतो, त्याला कमी समजू नका. ड्रमच्या अगदी शेजारी बसणाऱ्याने २५ चा फिल्टर बघावा. गाणाऱ्यांची तक्रार असते की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. प्लग उथळ बसल्यामुळे हे होतं, खोलवर नीट बसला की कमी होतं. कानाचा साचा घेऊन बनवलेले प्लग त्यासाठी सगळ्यात चांगले. साचा श्रवणतज्ज्ञ घेतात, आमच्या भागातून त्यासाठी नागपूर सोयीचं पडतं. आणि कापसाचे बोळे? वरचे सूर थोडे दबतात, खालचा दणका तसाच आत येतो. रात्रभर बोळे घालून बसणारे बरेच दिसतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

प्लग घेण्याआधी किंवा घेतल्यावर एकदा ऑडिओग्राम काढा, म्हणजे बेलच्या त्या ऑडिओमीटरच्या आजच्या वंशजावर कान तपासून घ्या. आवाजाने जाणारं ऐकणं बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या आसपास आधी जातं, आणि आतल्या कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. पियानोची अगदी शेवटची पट्टी ४१८६ हर्ट्झची आहे आणि पेटीतले मूळ सूर त्याच्या बरेच खाली असतात. म्हणून पेटी जुळवताना काही बिघडलंय असं बराच काळ जाणवत नाही. जाणवतं ते घरी, गर्दीत बोलताना, ‘स’ आणि ‘फ’ निसटायला लागल्यावर. कागदावरच्या आलेखात ४००० जवळ खड्डा दिसला तर पुढच्या प्रयोगाची वाट न बघता प्लग घाला, आणि दर वर्षी सीझन संपल्यावर, होळीनंतर, त्याच मशीनवर पुन्हा तपासून जुना कागद शेजारी ठेवून बघा.